मायाचा खांदा

चुकी माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते. मायाले सुयावाल्या मॅडमकडे मीच नेलं होतं. नसतं नेलं तं बरं झालं असतं का, हे मले अजून समजून नाही राहिलं. तुम्हीच ऐका अन् सांगा.

माझं नाव कलावती. घरवाला रेल्वेत होता, वारला. आता मी आहे अन् माझे दोन गुडघे आहेत, तेही अर्धेच कामाचे. इथं हिंदी मुलखात, बीरगांवात, माया मेश्रामच्या घराची अन् माझ्या घराची भिंत एकच. तिच्या घरात कुकरची शिट्टी वाजली का मले वाटते माझीच दाळ झाली.

माया एकोणीसची असतानी तुमसरहून लग्न होऊन इथं आली. नवरा हिरालाल उरला भागातल्या कारखान्यात, शिफ्टची ड्युटी. सासरा शामराव रेल्वेतून रिटायर झालेला, कडक माणूस, पण मनाचा साफ. मायाची पोट्टी चेतना भिलाईले दिली, पोट्टा संघर्ष पुण्याले नोकरीवर. सहा वर्षांपहिले शामरावले लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, दोन-चार शब्द कसेबसे राह्यले. तेव्हापासून माया त्या घराची खुंटी झाली. ज्याले जे टांगायचं ते तिच्यावरच.

शामरावले उचलायची तिची एक पद्धत होती. त्याचा डावा हात आपल्या मानेवर घ्यायचा, आपला उजवा खांदा त्याच्या बगलेत घालायचा, अन् "हव" म्हणायचं. "हव" म्हटलं का शामराव डाव्या पायानं जोर लावे अन् दोघं मिळून उभे होत. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून संडासात, तिथून पुन्हा पलंगावर. दिवसातून दहा वेळा, सहा वर्षं. दुसऱ्या कोणी हात लावला तं शामराव अंग असं कडक करे का जसा लाकडाचा ओंडका.

मायाची आई वारली तेव्हा माया सकाळच्या गाडीनं तुमसरले गेली अन् मातीवरून सरळ स्टेशनवर आली. बहिणीच्या गळ्यात पडून रडाले बी थांबली नाही. संध्याकाळी घरी पाहते तं शामराव दिवसभराचा ओला बसलेला, हिरालालले जवळ येऊ देत नव्हता. मायानं साडी बी नाही बदलली, पहिले त्याले धुतलं. मी तिथंच हिरालालवर ओरडली, "काहून रे, तुले हात नाहीत का?" तो बिचारा खाली मान घालून म्हणे, "मावशी, बाबा मले ढकलते. त्याले मायाच पाहिजे." अन् ते खरं होतं. खरं असलं म्हणून काय झालं? माणूस मरेपर्यंत खरं खरं म्हणत राहायचं का?

मागच्या थंडीत तिचा उजवा खांदा धरला. केस विंचरता येईना, ब्लाऊजचा हुक लागेना, रात्री त्या अंगावर पडता येईना. दवाखान्यात म्हणे फ्रोजन शोल्डर. गोळ्या दिल्या, व्यायाम दिला. तीन महिने झाले, हात काही छातीच्या वर चढेना. शेवटी हिरालालनं भैय्यालालले लावलं. भैय्यालाल पलीकडच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, पहिले एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ येऊन शामरावले उचले, धुए, खाऊ घाले. हात मऊ, बोलणं गोड. पण शामराव त्याच्या हातचे दोन घास खाये अन् तिसरा थुंकून देये.

आता माझं ऐका. पुरानी बस्तीत मंदिराच्या मागच्या गल्लीत, वरच्या माळ्यावर साहू मॅडमचा अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना आहे. माझ्या गुडघ्याले तिथं आराम पडला होता. पार बरा नाही म्हणत मी, पण जिना चढू लागली, हे काय कमी आहे? मी मायाले म्हटलं, "चाल, पाहू तं खरं. सुई टोचली तं काही मरत नाही कोणी." मॅडमनं फोनवरच सांगितलं, पहिले शुगर तपासून या, अन् उपाशी पोटी येऊ नका.

पहिल्या दिवशी हिरालाल बी सुट्टी घेऊन आला. मायाले वाटलं, गेलं का सुया टोचतील अन् मोकळं. कायचं काय! मॅडमनं अर्धा तास तं नुसतं विचारलं. जीभ बाहेर काढून पाह्यली, दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी किती वेळ धरून बसली. मग सवाल सुरू. नींद कैसी है? भूख? पेट साफ होता है? ठंडा अच्छा लगता है कि गरम? गुस्सा आता है तो किधर जाता है? अन् प्रत्येक सवालाले उत्तर हिरालाल देये. "नींद ठीक है मॅडम. गुस्सा तो इसको आता ही नहीं." मॅडमनं चष्मा खाली केला अन् म्हणे, "भैया, दर्द आपको है? आप जरा बाहर बैठिए." मी पडद्याच्या बाजूच्या पलंगावर होती, मले असं हसू आलं म्हणता!

हिरालाल बाहेर गेला तं माया अजूनच चूप झाली. तिले कोणी विचारलंच नव्हतं कधी, तं सांगणार काय? मॅडम म्हणे, "दिन भर में आपका अपना टाइम कौन सा है?" मायानं लय वेळ विचार केला. मग म्हणे, "ये वाला."

सुया पाहून ती घाबरली नाही. इंजेक्शनसारख्या नाहीतच त्या, केसाएवढ्या बारीक, नवीन पाकिटातून काढलेल्या. एक नळी ठेवतात, वरून टिचकी मारतात, झालं. पहिली सुई मॅडमनं पायाच्या नडगीले टोचली. पडद्याच्या पलीकडून आवाज आला, "मावशी, खांदा दुखते अन् ही बाई पायाले टोचून राहिली वं!" मॅडमले मराठी थोडं समजते, ती बी हसली. म्हणे, पायात सुई ठेवून हात हळूहळू हलवायचा, तिथूनच खांद्याचं कुलूप उघडते. मग हातावर, खांद्याभोवती आठ-दहा सुया. दुखत नाही, पण मधातच जड-जड वाटते, करंट गेल्यासारखं होते. तसं झालं का मॅडम म्हणते, "बस, लग गई." मग एक कांडी पेटवून खांद्याजवळ फिरवते, औषधी पाल्याची असते ती, धूर होते अन् ऊब लागते. त्यानंतर पंचवीस मिनिटं हलायचं नाही.

अन् तेव्हाच तिचा फोन वाजला. पर्स खुर्चीवर, माया पलंगावर, अंगात सुया. फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. हिरालाल त्या वेळी खाली चहा प्याले गेला होता, तं घरून भैय्यालाल करत असंन. "मावशी, उचल ना वं!" आता मी कशी उचलू? माझ्या दोन्ही गुडघ्यांत सुया. आम्ही दोघी तिथं खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्यांसारख्या, अन् फोन वाजूनच राहिला. सात वेळा वाजला. मायानं उठायची धडपड केली तं मॅडम धावत आली, "हिलना मत!" फोन बंद करून ठेवला. पहिले तं माया रडली. मॅडम म्हणे रडू द्या, सुया लागल्यावर कोणी-कोणी रडतेच. मग थोड्या वेळानं पडद्यामागून घोरण्याचा आवाज आला. सहा वर्षांत ती दुपारची झोपली नव्हती.

घरी गेली तं शामराव जेवला नव्हता. मायाले पाहून त्यानं डाव्या हातानं ताट ओढलं. ती लागलीच भरवाले बसली, खांद्यावर सुईच्या जागी एक निळा डाग घेऊन.

मॅडमनं बारा सिटिंग सांगितल्या होत्या, आठवड्यातून दोन. हिरालाल दुसऱ्या वेळेपासून आला नाही, आम्ही दोघीच ऑटोनं जाऊ. ती जाण्या-येण्याची वाट मायाले इतकी आवडे का काय सांगू. गोल बाजारात उतरून उगाच बांगड्या पाहे, घेत काही नव्हती. एक दिवस स्टीलच्या भांड्याच्या दुकानासमोर उभी राहून मले म्हणे, "मावशी, मले कोणी 'माया कुठं गेली' म्हणून नाही विचारून राहिलं. किती मजा आहे." मी म्हटलं, "चाल वं येडे, ऊन लागते."

दवाखान्यात एका भिंतीवर मॅडम पेन्सिलनं खूण करे. पेशंटनं भिंतीसमोर उभं राहायचं अन् बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची. जिथं दुखून थांबलं, तिथं रेघ अन् तारीख. मायाची पहिली रेघ छातीएवढी. चौथ्या सिटिंगले खांद्याच्या वर, सहाव्याले कपाळाएवढी. मी खूश, मॅडम खूश. पण सातव्याले रेघ कपाळावरच. आठव्याले बी कपाळावरच. मॅडम म्हणे, "होता है, कभी-कभी रुक जाता है."

मले काय माहीत कायचं रुकलं! एका रविवारी मी मीठ मागाले तिच्या स्वयंपाकघरात गेली. माया पाठमोरी उभी होती. सगळ्यात वरच्या फळीवरून तिनं लोणच्याची बरणी उजव्या हातानं अशी काढली का माझ्या चांगल्या हातानं मले जमणार नाही. मले पाह्यलं अन् तिचा चेहरा पांढरा पडला.

मी भडकली. भडकली म्हणजे कशी! "अवं, लाज वाटते का? मी गुडघे घासत तुले तिथं नेऊन राहिली, मॅडम मेहनत करून राहिली, अन् तू नाटक करून राहिली?" तिनं दार लोटलं. बरणी खाली ठेवली. म्हणे, "हळू बोल मावशी. हात बरा झाला का भैय्यालाल बंद. भैय्यालाल बंद झाला का मी बंद."

"मंग सांग ना हिरालालले, का माझ्याच्यानं उचलणं होत नाही म्हणून!"

"सांगितलं होतं. चार वर्षं झाले. तो रडला मावशी. म्हणे, बाप आहे माया माझा, तो तुझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही, मी काय करू? आता रडणाऱ्या माणसाले आणखी काय सांगू? मारलं असतं तं भांडली तं असती." मग ती खाली बसली अन् म्हणे, "दुखत होतं तेव्हा मी रोज म्हणे, कधी बरं होईन. अन् ज्या दिवशी हात पहिल्यांदा वर गेला ना, त्या दिवशी मले असं भेव वाटलं का रात्रभर झोप नाही आली. मले बरं व्हायचं आहे मावशी. पण कोणाले दिसू नाही पाहिजे."

माझा राग कुठं गेला, मलेच नाही समजलं. मीठ न घेताच घरी आली.

नवव्या सिटिंगले ती सुयांमध्ये झोपली असतानी मॅडमनं सुया काढल्या अन् तिचा हात धरून हळूच वर नेला. हात सरळ कानाले लागला. मी पडद्याच्या फटीतून पाहून राहिली होती. मॅडमनं हात खाली ठेवला. मायाले उठवलं, पाणी दिलं, अन् मग म्हणे, "देखो माया, हाथ उठना अलग बात है और आदमी उठाना अलग बात. अभी तीन सिटिंग बाकी हैं. और छह महीने वजन नहीं. घर में बोल देना." मायानं हव म्हटलं. घरी तिनं सांगितलं नाही, हे मले मागाहून समजलं. सांगितलं असतं तं हिरालालनं विचारलं असतं, हात कुठवर आला म्हणून. अन् हाताचं खोटं अन् तोंडाचं खोटं, दोन्ही एका वेळी तिच्याच्यानं नाही होत.

मग आली चौदा एप्रिल. आमच्या पाऱ्यात सकाळी विहारात वंदना अन् संध्याकाळी रॅली. बायका पांढऱ्या साड्यांत, निळे झेंडे, बँड, सरबताचे ड्रम. हिरालालनं शामरावले खुर्चीसकट दारात आणून बसवलं होतं, भैय्यालाल मागं उभा. माया माझ्या बाजूले, उजवा हात पदरात घेऊन चालून राहिली होती, जसा ती रोज बाहेर निघाली का घेये. महिला मंडळात नारे द्यायचं काम माझ्याकडे आहे, वीस वर्षांपासून. माझा आवाजच तसा आहे, काय करू! रॅली नेमकी तिच्या दारासमोर आली अन् मी गळा फाडून ओरडली, "एकच साहेब!"

"बाबासाहेब!" अख्खी रॅली.

माया लहानपणापासून तुमसरच्या रॅलीत चाललेली पोट्टी. तिच्या अंगातच ते आहे. नारा आला का हात वर. मूठ वळून, कोपर सरळ, आकाशाकडे. तिचा उजवा हात पदरातून निघाला अन् सगळ्यांच्या वर गेला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तिचं लक्ष गेलं. हात तसाच वर राह्यला, खाली घेणं बी सुचेना तिले.

हिरालालनं पाह्यलं. अन् मी म्हणते, तो रागावला असता तं किती बरं झालं असतं! तो धावत आला अन् रॅलीच्या मधात तिचा हात धरून ओरडला, "चढला! अरे मायाचा हात चढला!" डोळ्यांत पाणी त्याच्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बायका मले म्हणे, कलावतीबाई, तुमच्या मॅडमचा पत्ता द्या. शामराव खुर्चीवरून डावा हात हलवून राहिला होता, तोंडातून "मा, मा" निघत होतं. लकव्यानंतर राह्यलेल्या दोन-चार शब्दांतला तो एक. हिरालालनं तिथंच भैय्यालालचा हात हातात घेतला, "भैया, आपने बहुत साथ दिया. कल से तकलीफ मत करना." भैय्यालालनं एकदा मायाकडे पाह्यलं अन् हव म्हणून निघून गेला.

माझ्याच्यानं राह्यलं नाही. रॅली पुढं गेली, मी तिथंच थांबली. म्हटलं, "हिरालाल, मॅडमनं सहा महिने वजन उचलू नको म्हणून सांगितलं आहे. हात वर जाणं वेगळं अन् तुझ्या बापाले उचलणं वेगळं. उचललं तं पुन्हा धरते खांदा. तिले विचार."

हिरालालचं हसू थांबलं. तो खराच विचारात पडला, हे मी कबूल करते. मायाकडे वळून म्हणे, "असं म्हटलं का मॅडमनं? खरं सांग. असं असंन तं मी भैय्यालालले आत्ता परत बोलावतो."

एवढंच पाहिजे होतं. एक शब्द. हव म्हणायचं अन् सुटायचं. मी तिच्या तोंडाकडे पाहून राहिली. अन् शामराव तिकडून खुर्चीत पुढं सरकला, त्याचा डावा हात तिच्याकडे लांब केलेला, मानेवर घेतानी करते तसा. त्याले सगळं समजत होतं. बोलता येत नाही, समजते सगळं. त्याच्या डोळ्यांत इतकं भेव होतं का मीच दुसरीकडे पाह्यलं.

माया म्हणे, "नाही. मावशी आपल्या गुडघ्याचं सांगून राहिली."

मग ती गेली, त्याचा हात मानेवर घेतला अन् खांदा बगलेत घातला. "हव," म्हणे.

मी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू येये, हव, हव. मी रेडिओ मोठा करून ठेवत होती. मले तिचा राग होता का माझा, काय माहीत. शामरावचा तं करताच येत नव्हता, हे सगळ्यात वाईट.

पाचव्या दिवशी सुयांचा वार होता. मी मनाले मारून मागच्या अंगणातून हाक दिली, "चाल वं, तीन बाकी आहेत अजून."

ती कपडे वाळत घालून राहिली होती, दोन्ही हातांनी, उंच तारेवर. "कायले मावशी?" म्हणे. "हात तं बरा झाला. आता घरून कायच्या नावानं निघू?"

मी वळली, तं तिनं भिंतीजवळ येऊन हळूच हाक मारली. मागं दाराकडे एकदा पाह्यलं. "मावशी, तू जाऊन राहिली तं मॅडमले एक विचारशील?"

"काय?"

"हे दुसऱ्या खांद्याले बी होते का?"

त्या दिवशी सुया लावून पडल्या-पडल्या मी मॅडमले विचारलं. मॅडम म्हणे, "होता है. किसी-किसी को होता है." मी ठरवलं होतं का मायाले हे सांगायचंच नाही. पण ऑटोतून उतरली तं ती भिंतीपाशी वाट पाहत उभी.

"होते म्हणे," मी म्हटलं.

माया हसली. आतून खुर्ची ठोकल्याचा आवाज आला, तशी ती हात पदराले पुसत शामरावले उचलाले गेली.